कितवा दिवस?

अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यात हॅनोव्हर नावाचं एक छोटं गाव आहे. १९५०च्या दशकात तिथल्या रुग्णालयात रॉजर वाइसमन आणि रिचर्ड टोबिन या दोन शल्यचिकित्सकांकडे पायाची धमनी अचानक बंद पडलेले रुग्ण येऊ लागले. पाय थंडगार, पांढराफटक, नाडी लागत नाही. एवढ्यावरून कुणी चकित झालं नसतं. धमन्यांत गुठळ्या अडकतातच. पण हे सगळे रुग्ण हेपारिनवर होते. रक्त गोठू नये म्हणून डॉक्टर ज्याच्यावर भिस्त ठेवतात, ते औषध आठवडा-दोन आठवडे चालू असतानाच त्यांना गुठळ्या झाल्या होत्या. धमनी उघडून काढलेल्या गुठळ्याही नेहमीसारख्या काळपट लाल नव्हत्या. त्या फिकट आणि मऊ होत्या. अशा दहा जणांची हकिगत दोघांनी १९५८ साली प्रसिद्ध केली. दहांपैकी सहा दगावले होते.

वाइसमन आणि टोबिन यांनी लावलेला अर्थ पुढे टिकला नाही. महाधमनीच्या भिंतीला चिकटलेला गाळ हेपारिनमुळे सुटतो आणि खाली वाहत जातो, असं त्यांना वाटलं. निरीक्षण मात्र पक्कं होतं: हेपारिन सुरू केल्यावर काही दिवसांनी हे घडतं. एक दुवा त्यांच्या हातून निसटला, पण त्याचा दोष त्यांना देता येणार नाही. त्या काळी प्लेटलेट्स मोजणं म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली एकेक कण टिपत बसणं. रोज प्रत्येक रुग्णाच्या प्लेटलेट्स कोण मोजणार? त्यामुळे या रुग्णांच्या रक्तातल्या प्लेटलेट्स झपाट्याने कमी होत असणार, हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. १९६४ साली फिलाडेल्फियाच्या डॉक्टरांनी असेच अकरा रुग्ण नोंदवले आणि यामागे शरीराची प्रतिकारयंत्रणा असावी अशी शंका बोलून दाखवली. प्लेटलेट्सची घसरण आणि गुठळ्या यांची सांगड घातली गेली ती १९७३ मध्ये. रोड्स, डिक्सन आणि सिल्व्हर यांनी दाखवलं की, अशा रुग्णाच्या रक्तद्रवात हेपारिन टाकलं की प्लेटलेट्स एकमेकींना चिकटू लागतात. म्हणजे त्या द्रवात काहीतरी होतं. ते काहीतरी म्हणजे प्रतिपिंडं, इंग्रजीतल्या अँटीबॉडीज.

हेपारिनचा स्वतःचा जन्मही अशाच उलट्या अनुभवातून झाला होता. १९१६ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जे मॅक्लीन हा वैद्यकाचा दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी विल्यम हॉवेल यांच्या प्रयोगशाळेत रक्त लवकर गोठवणारे पदार्थ शोधत होता. यकृतातून काढलेल्या एका अर्काने रक्त गोठायचंच थांबलं. शोधाचं श्रेय कुणाचं, यावरून पुढे बरीच वादावादी झाली. मॅक्लीनच्या हाती लागलेला पदार्थ आणि आजचं हेपारिन एकच नव्हेत, हेही नंतर कळलं. माणसाला टोचण्याइतकं शुद्ध हेपारिन मिळायला १९३५च्या सुमाराचं साल उजाडावं लागलं, आणि ते काम टोरँटो आणि स्टॉकहोम इथे झालं. आज जगातलं बहुतेक हेपारिन डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून बनतं. शाकाहारी रुग्णांना ही माहिती कुणी आवर्जून देत नाही, आणि आयसीयूत ती विचारायचं भान कुणाला नसतं.

हेपारिनशिवाय हृदयावरची खुली शस्त्रक्रिया शक्यच झाली नसती. ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी एका तरुणीच्या हृदयातलं छिद्र बंद केलं, तेव्हा तिचं रक्त काही काळ शरीराबाहेरच्या यंत्रातून फिरत होतं. रक्ताला प्लास्टिक, रबर, धातू काहीच मानवत नाही. परका पृष्ठभाग दिसला की ते गोठायला लागतं. म्हणून पंपावर, म्हणजे या यंत्रावर, घेण्याआधी वजनाच्या प्रत्येक किलोमागे ३०० ते ४०० युनिट हेपारिन देतात. सत्तर किलोच्या माणसाला एकवीस ते अठ्ठावीस हजार युनिट, तेही एका दमात. पायात गुठळी होऊ नये म्हणून अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला दिलेल्या एका इंजेक्शनात पाच हजार असतात. त्यावरून अंदाज यावा. पंप सांभाळणारा परफ्युजनिस्ट दर थोड्या वेळाने रक्त गोठायला किती सेकंद लागतात ते पाहतो. एरवी दोन मिनिटांच्या आत गोठणारं रक्त आता आठ मिनिटं झाली तरी गोठता कामा नये. काम संपलं की हेपारिनचा प्रभाव उतरवण्यासाठी प्रोटामिन देतात. ते येतं सामन माशाच्या शुक्रपेशींमधून. डुकराच्या आतड्यातलं औषध माशाच्या बीजाने उतरवायचं, आणि मधल्या दोन तासांत माणसाचं हृदय थांबवून दुरुस्त करायचं. आता हे सगळीकडे रोज होतं, म्हणून त्याचं कुणाला अप्रूप उरलेलं नाही.

प्रतिपिंडं नेमकी कशाच्या विरोधात तयार होतात, याचं उत्तर १९९२ मध्ये फ्रान्समधल्या जाँ अमिराल यांच्या चमूने दिलं. नुसत्या हेपारिनच्या विरोधात ती नसतातच. प्लेटलेट्सच्या पोटात 'प्लेटलेट फॅक्टर ४' नावाचं एक प्रथिन साठवलेलं असतं. प्लेटलेट चेतवली गेली की ते बाहेर पडतं. या प्रथिनावर धन विद्युतभार असतो आणि हेपारिनवर प्रचंड ऋण भार, इतका की जैविक रेणूंमध्ये त्याला तोड नाही. दोघं एकमेकांना घट्ट बिलगतात, त्यात प्रथिनाचा आकार बदलतो, आणि शरीराच्या पहारेकऱ्यांना त्या जोडीत एक अनोळखी चेहरा दिसतो. प्रमाण नेमकं जुळलं तरच हे मोठाले पुंजके तयार होतात. रव्याचे लाडू वळताना पाक कमी पडला तर ते भुरभुरतात, जास्त झाला तर बसतात. इथेही तसंच आहे. हेपारिन फार झालं तर पुंजके विरघळतात, फार कमी असलं तर जुळतच नाहीत.

पुढचा भाग घातक आहे. प्रतिपिंडं या पुंजक्यांना धरतात आणि त्यांची मोकळी शेपटी प्लेटलेटच्या अंगावरच्या एका ग्राहकाला, म्हणजे रिसेप्टरला, टोचते. प्लेटलेट चेतते, आणखी 'फॅक्टर ४' ओतते. त्यातून आणखी पुंजके बनतात, त्यांच्यामुळे आणखी प्लेटलेट्स चेततात. चेतलेल्या प्लेटलेट्सचे बारीक तुकडे उडतात आणि त्या तुकड्यांवर रक्त गोठवणारी रसायनं जोमाने काम करतात. पांढऱ्या पेशीही यात ओढल्या जातात. रिपोर्टमध्ये प्लेटलेट्सचा आकडा खाली येतो, कारण त्या गुठळ्यांमध्ये खर्ची पडत असतात. वाइसमन आणि टोबिन यांनी काढलेल्या गुठळ्या पांढुरक्या का होत्या, ते इथे उलगडतं: त्यांत लाल पेशींपेक्षा प्लेटलेट्सच जास्त होत्या.

आपल्याकडे 'प्लेटलेट्स कमी झाल्या' हे शब्द कानावर पडले की डेंग्यूच आठवतो. नातेवाईक रक्तदाते शोधायला धावतात, कुणी पपईच्या पानांचा रस घेऊन येतं, आणि सगळ्यांच्या मनात भीती असते ती रक्तस्रावाची. हेपारिनमुळे होणाऱ्या या आजारात आकडा पन्नास-साठ हजारांवर येऊनही रक्तस्राव क्वचितच होतो. धोका नेमका उलटा असतो: पायाच्या शिरेत गुठळी, तिथून फुप्फुसात, नाहीतर मेंदूत झटका, हृदयविकाराचा झटका, हातापायाची धमनी बंद. म्हणून रक्तस्राव होत नसेल तर इथे प्लेटलेट्स चढवत नाहीत. आयसीयूबाहेर बसलेल्या घरच्यांना हे पटवणं अवघड जातं, आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. वर्षानुवर्षं पावसाळ्यात त्यांनी नेमकं याच्या उलटच ऐकलेलं असतं.

हृदय शस्त्रक्रियेनंतर मात्र सगळं एकमेकांत मिसळून जातं, आणि म्हणूनच हे प्रकरण लिहावंसं वाटलं.

पंपावर जाऊन आलेल्या जवळजवळ प्रत्येक रुग्णाच्या प्लेटलेट्स कमी होतात. पंपात भरलेल्या द्रवाने रक्त पातळ होतं, नळ्यांना घासून प्लेटलेट्स खर्ची पडतात. पहिल्या दोन-तीन दिवसांत आकडा चाळीस-पन्नास टक्क्यांनी उतरणं नेहमीचंच. त्यात प्रतिपिंडं तयार व्हायला याहून पोषक वातावरण मिळणं कठीण: हेपारिनचा मोठा डोस, चेतलेल्या प्लेटलेट्स, 'फॅक्टर ४'चा पूर, वर शस्त्रक्रियेने जागी झालेली प्रतिकारयंत्रणा. परिणाम असा की, आठ-दहा दिवसांनी तपासलं तर चार रुग्णांमागे एकाच्या, काही पाहण्यांत निम्म्याहून अधिक रुग्णांच्या रक्तात ही प्रतिपिंडं सापडतात. प्रत्यक्ष आजार होतो तो मात्र शंभरात एक ते तिघांना. उरलेले प्रतिपिंडं घेऊन घरी जातात, पाय मोकळे करायला बागेत फिरतात, आणि दोन-तीन महिन्यांत ती प्रतिपिंडं कुणाला न कळता नाहीशीही होतात.

कॅनडातल्या हॅमिल्टनच्या मॅकमास्टर विद्यापीठातले थिओडोर वॉरकेन्टिन यांनी यासाठी हिमनगाचं चित्र वापरलं. पाण्याखालचा प्रचंड भाग म्हणजे नुसती प्रतिपिंडं असलेले लोक. त्यावरचा लहान भाग म्हणजे प्लेटलेट्सना खरोखर चेतवू शकणारी प्रतिपिंडं असलेले. त्याहून लहान, ज्यांच्या प्लेटलेट्स उतरल्या ते. आणि टोकावर, ज्यांना गुठळी झाली ते. नुसती प्रतिपिंडं सापडली म्हणून गुठळ्यांचा धोका वाढतो का, यावर बरीच वर्षं संशोधन झालं. काही अभ्यासांत शस्त्रक्रियेआधीच प्रतिपिंडं असलेल्यांना रुग्णालयात जास्त दिवस काढावे लागल्याचं, गुंतागुंत अधिक झाल्याचं दिसलं. इतरांत तो संबंध टिकला नाही. मला यातून एवढंच म्हणावंसं वाटतं की, प्लेटलेट्स स्थिर असताना सापडलेल्या प्रतिपिंडांवर उपचार करण्याइतका पुरावा कुणीही पुढे केलेला नाही. आणि तरी कुणाच्या तरी मनात शंका आली म्हणून ही तपासणी पाठवली जाते, ती 'पॉझिटिव्ह' येते, आणि छातीचं हाड नुकतंच जोडलेल्या माणसाला उतारा नसलेलं रक्त पातळ करणारं दुसरं औषध सुरू होतं. त्या औषधाने होणारा रक्तस्राव हा उपचाराने ओढवून घेतलेला दुसरा आजारच म्हणायचा.

मग खरा आजार ओळखायचा कसा? दिवस मोजून.

हेपारिन पहिल्यांदा मिळाल्यापासून प्रतिपिंडं पुरेशी वाढायला पाच दिवस तरी लागतात. आजार दिसतो तो साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसादरम्यान. शस्त्रक्रियेनंतर प्लेटलेट्स उतरल्या, चौथ्या दिवसाच्या आसपास वर चढू लागल्या, आणि सातव्या दिवशी पुन्हा कोसळल्या, तर हा दुहेरी आलेख पाहताच डॉक्टरांनी सावध व्हायला हवं. उलट, पहिल्या दिवसापासून आकडा खालीच आहे आणि वर आलाच नाही, तर कारण बहुधा दुसरंच असतं: जंतुसंसर्ग, मंदावलेलं यकृत, महाधमनीत बसवलेला फुग्याचा पंप, एखादं प्रतिजैविक. पॅरिसच्या लिल्लो-ल लुए आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये खास हृदय शस्त्रक्रियेसाठी गुण देण्याची पद्धत मांडली, तिच्यात तीनच गोष्टी आहेत. आलेखाचा आकार, शस्त्रक्रियेपासून पाच दिवस उलटले का, आणि रुग्ण पंपावर ११८ मिनिटांहून कमी होता का. तिसरी अट पहिल्यांदा वाचली की गोंधळायला होतं. पंपावर कमी वेळ म्हणजे संशय जास्त? हो, कारण पंपावर फार वेळ राहिलेल्या रुग्णाच्या प्लेटलेट्स उतरायला पंपच पुरेसा असतो. थोडा वेळ राहिलेल्याच्या उतरल्या तर दुसरं कारण शोधावं लागतं.

एक सापळा इथे सांगायलाच हवा, कारण त्यात चांगले डॉक्टरही अडकतात. शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या आठवड्यात प्लेटलेट्स मूळच्या पातळीपेक्षाही वर जातात. जखम भरून काढण्याचा तो शरीराचा रिवाज आहे. समजा साठीच्या एका गृहस्थांचा आकडा आठव्या दिवशी साडेतीन लाखांवर गेला आणि दहाव्या दिवशी एक लाख साठ हजारांवर आला. प्रयोगशाळेच्या कागदावर दीड लाखाच्या वरचा आकडा 'नॉर्मल' म्हणून छापला जातो, त्यापुढे लाल बाण येत नाही. पण दोन दिवसांत प्लेटलेट्स निम्म्याहून कमी झाल्या आहेत! रिपोर्ट एकेकटा वाचला तर काहीच बिघडलेलं दिसत नाही. आधीचे रिपोर्ट शेजारी ठेवले तरच दिसतं. राउंडला येणारा माणूस रोज बदलत असेल, तर हे निसटायला वेळ लागत नाही.

दुसरी अडचण घरी जाण्याची. बायपासनंतर साधारण आठवड्याभरात रुग्णाला घरी सोडतात, म्हणजे नेमकं धोक्याच्या दिवसांच्या मध्यावर. काहींमध्ये हेपारिन बंद होऊन आठवडा-दोन आठवडे उलटल्यावर हा आजार डोकं वर काढतो. प्रतिपिंडं इतकी प्रबळ असतात की त्यांना हेपारिनची गरजच उरत नाही. असा माणूस एका पायाला सूज आणि धाप घेऊन परत येतो. आपत्कालीन विभागातल्या डॉक्टरला फुप्फुसातल्या गुठळीचा संशय येतो, आणि तो सरळ हेपारिन सुरू करतो. चूक त्याची नाही, पुस्तकात तसंच लिहिलंय. पण काही तासांत प्लेटलेट्स आणखी कोसळतात आणि गुठळ्या वाढतात. 'गेल्या महिन्यात तुमची शस्त्रक्रिया झाली होती का, तेव्हा हेपारिन दिलं होतं का' हे दोन प्रश्न विचारले असते तर हे टळलं असतं. गेल्या महिना-तीन महिन्यांत हेपारिन मिळालेलं असेल, तर पाच दिवसांचा नियमही मोडतो. जुनी प्रतिपिंडं रक्तात शिल्लक असतात आणि प्लेटलेट्स पहिल्याच दिवशी घसरू शकतात. आपल्याकडे अँजिओग्राफी, मग स्टेंट, मग महिन्याभराने बायपास हा क्रम नवा नाही. प्रत्येक टप्प्यावर हेपारिन मिळतं, आणि मोजणी कुठून सुरू करायची ते पहिल्या टप्प्यावरून ठरतं.

तपासण्या दोन प्रकारच्या. एक प्रतिपिंडं आहेत का ते पाहते. ती झटपट होते आणि आजार असेल तर जवळजवळ कधीच चुकत नाही, पण निरुपद्रवी प्रतिपिंडंही पकडते. त्यामुळे ती निगेटिव्ह आली तर खूपच उपयोगाची. पॉझिटिव्ह आली तर किती जोरदार आली ते पाहावं लागतं. दुसरी तपासणी विचारते, ही प्रतिपिंडं प्लेटलेट्सना चेतवतात का? त्यासाठी निरोगी दात्याच्या धुतलेल्या प्लेटलेट्समध्ये किरणोत्सारी सेरोटोनिन भरतात, रुग्णाचा रक्तद्रव आणि हेपारिन मिसळतात आणि किती सेरोटोनिन बाहेर पडलं ते मोजतात. मॅकमास्टरच्याच जॉन केल्टन यांच्या गटाने १९८६ मध्ये ही पद्धत मांडली. अशी प्रयोगशाळा जगात मोजक्याच ठिकाणी आहे. त्यामुळे बहुतेक वेळा निर्णय रुग्णाच्या खाटेपाशी उभं राहूनच घ्यावा लागतो.

संशय पक्का झाला तर पहिलं काम हेपारिन बंद करणं, आणि बंद म्हणजे पूर्ण बंद. शिरेतली सुई तुंबू नये म्हणून नर्स हेपलॉक देतात, धमनीतल्या दाबमापकाच्या पिशवीत मिसळलेलं हेपारिन असतं, काही कॅथेटरच्या नळीवर हेपारिनचा लेप असतो. इतक्या थोड्या मात्रेनेही आग धुमसत राहते. पण एवढ्यावर थांबणं पुरेसं नाही, हे वॉरकेन्टिन आणि केल्टन यांनी १९९६ मध्ये दाखवलं. ज्यांच्या प्लेटलेट्स उतरल्या होत्या पण गुठळी नव्हती, अशा रुग्णांचं नुसतं हेपारिन थांबवलं; त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांना पुढच्या तीस दिवसांत गुठळी झालीच. म्हणून लगेच दुसरं रक्त पातळ करणारं औषध सुरू करावं लागतं: आर्गाट्रोबान, बायव्हॅलिरुडिन, फोंडापॅरिनक्स, आणि तब्येत स्थिरावल्यावर रिव्हारोक्साबानसारख्या नव्या गोळ्या. कमी रेणुभाराचं हेपारिन इथे चालत नाही. ते सुरुवातीलाच वापरलं असतं तर धोका नक्कीच कमी राहिला असता. १९९५च्या एका प्रसिद्ध चाचणीत खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर साध्या हेपारिनवरच्या ३३२ जणांपैकी नऊ जणांना हा आजार झाला, तर कमी रेणुभाराच्या हेपारिनवरच्या ३३३ जणांपैकी एकालाही नाही. पण प्रतिपिंडं एकदा तयार झाली की ती दोघांत फरक करत नाहीत.

वॉरफेरिनची गोळी घाईने दिली तर काय होतं, ते वाचताना अंगावर काटा येतो. वॉरफेरिन रक्त गोठवणारे घटक कमी करतं, पण त्याआधी 'प्रोटीन सी' हे गुठळी रोखणारं प्रथिन कमी करतं, कारण त्याचं आयुष्य काही तासांचंच असतं. या मधल्या काळात बारीक शिरा पटापट तुंबतात. पायाची नाडी व्यवस्थित लागते, आणि बोटं मात्र काळी पडत जातात. धमनी चालू असून पाय कापावा लागावा, असा प्रकार. म्हणून प्लेटलेट्स दीड लाखांच्या वर स्थिर होईपर्यंत वॉरफेरिनला हात लावत नाहीत.

या आजाराचा एक धागा पुण्यापर्यंत येतो. मार्च २०२१ मध्ये युरोपात ॲस्ट्राझेनेकाची करोना लस घेतलेल्या काही तरुणांना एक-दोन आठवड्यांनी मेंदूतल्या शिरांमध्ये गुठळ्या झाल्या, आणि प्लेटलेट्स कमी होत्या. यांना हेपारिन मिळालेलंच नव्हतं. जर्मनीतल्या ग्राइफ्सवाल्ड विद्यापीठाचे आंद्रेआस ग्राइनाखर अनेक वर्षं हेपारिनच्या प्रतिपिंडांवर काम करत होते. त्यांनी हे चित्र ओळखलं. रक्तात 'फॅक्टर ४'च्या विरोधातलीच प्रतिपिंडं सापडली, फक्त ती त्या प्रथिनाला थेट चिकटत होती, मध्ये हेपारिन नव्हतं. हीच लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने कोव्हिशील्ड या नावाने बनवली. लंडनच्या न्यायालयातल्या कागदपत्रांत ॲस्ट्राझेनेकाने हा दुर्मिळ दुष्परिणाम मान्य केल्याची बातमी २०२४ मध्ये आली, तेव्हा आपल्याकडे तीन वर्षांपूर्वी लस घेतलेल्या माणसांनी गुठळ्यांचा अंदाज देणारी डी-डायमर ही रक्ततपासणी करून घ्यायला धाव घेतली. दिवस मोजले असते तर तो खर्च वाचला असता. हा दुष्परिणाम लसीनंतर चौथ्या दिवसापासून सहा आठवड्यांपर्यंतच्या काळात दिसतो. तीन वर्षांनी नाही.

पण मुळात शरीराला ही प्रतिपिंडं बनवायचं सुचतं तरी कुठून? हेपारिन माणसाच्या वाट्याला येऊन शंभर वर्षंसुद्धा झालेली नाहीत. आणि तरी ही प्रतिपिंडं पाचव्या दिवशीच, अशा झपाट्याने येतात, जणू शरीराला सवयच आहे. ग्राइफ्सवाल्डच्या गटाने याचं एक पटण्यासारखं उत्तर दिलं आहे. अनेक जिवाणूंच्या बाहेरच्या कवचावर ऋण भार असतो, आणि 'फॅक्टर ४' त्यांनाही तसाच बिलगतो. जिवाणू कुठलाही असो, त्याच्यावर बिलगलेल्या प्रथिनाचं रूप सारखंच. म्हणजे एकाच प्रकारच्या प्रतिपिंडाने अनेक शत्रू ओळखता येतात. हे फार जुनं, सर्वांना उपयोगी पडणारं हत्यार असावं. हिरड्यांचे जुने आजार असलेल्यांत अशी प्रतिपिंडं जास्त सापडतात, हेही त्याच गटाने दाखवलं. हेपारिन त्या हत्याराला फसवतं इतकंच. पटण्यासारखं म्हटलं तरी हा अजून तर्कच आहे, पण इतर कशानेही त्या घाईचा उलगडा होत नाही.

याच स्वभावाची दुसरी बाजू रुग्णाच्या फायद्याची आहे. गोवर एकदा झाला की शरीर तो आयुष्यभर विसरत नाही. ही प्रतिपिंडं मात्र दोन-तीन महिन्यांत ओसरतात, आणि काही वर्षांनी पुन्हा हेपारिन मिळालं तरी ती पहिल्यापेक्षा जास्त वेगाने परतत नाहीत. त्यामुळे 'हेपारिनची ॲलर्जी' असा शिक्का फाइलवर मारून तो जन्मभर खरा मानणं शास्त्राला धरून नाही. एखाद्याला आजार होऊन गेला, आणि दोन वर्षांनी झडप बदलायची वेळ आली, तर? आधी रक्तात प्रतिपिंडं उरली आहेत का ते पाहतात. नसली, तर पंपावर असेपर्यंतचे ते काही तास हेपारिनच वापरतात, कारण त्याच्याइतकं हाताळायला सोपं आणि प्रोटामिनने तत्काळ उतरवता येणारं दुसरं औषध नाही. नव्याने प्रतिपिंडं तयार व्हायला पाच दिवस लागतात आणि हेपारिन तर संध्याकाळपर्यंत शरीरातून गेलेलं असतं. प्रतिपिंडं अजून असली आणि शस्त्रक्रिया थांबण्यासारखी नसली, तर बायव्हॅलिरुडिनवर पंप चालवावा लागतो. ते वापरणाऱ्या चमूला वेगळीच सावधगिरी घ्यावी लागते: रक्त कुठेही साचून चालत नाही, कारण साचलेल्या रक्तात हे औषध तुटतं आणि तिथे गुठळी होते. नळ्यांच्या फांद्यांमधूनही रक्त फिरतं ठेवायचं, आणि औषधाला उतारा नसल्याने शेवटी ते आपोआप उतरेपर्यंत टाके घालून वाट पाहायची. म्हणून शक्य असेल तिथे प्रतिपिंडं ओसरेपर्यंत थांबतात. आणि थांबल्यावरही शस्त्रक्रियेआधीची अँजिओग्राफी हेपारिनशिवाय करतात, शस्त्रक्रियेनंतर वॉर्डात फोंडापॅरिनक्स देतात, हेपलॉकऐवजी साधं सलाइन वापरतात.